एका कान्याची परवानगी

अल् खुवैर, मस्कत
शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९९३

प्रिय चंद्रहास,

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, कामाचं मग. आई कशा आहेत? असतील तर नव्वदीच्या घरात असतील. नसतील तर हा प्रश्न मी विचारलाच नाही असं धर आणि मला क्षमा कर. वहिनींचा दमा पावसाळ्यात उसळायचा, तो आता आटोक्यात आहे ना? तुझी थोरली तालमीला विंगेतल्या गाठोड्यावर झोपून जायची, ती आता स्वतः कुणालातरी थोपटून झोपवत असेल. धाकट्याला नाक दाबून माशाचं तेल पाजायचात, तो अंगानं भरला का? आणि तुझा घसा? थंडीत बसायचा. मीठ-हळदीच्या गुळण्या सोडू नकोस.

मी ठणठणीत आहे. अठ्ठावन्न पूर्ण झाली, चष्मा जाड झाला, बाकी तक्रार नाही. इथल्या एका हॉटेलात युनिफॉर्म शिवायचं आणि दुरुस्तीचं काम बघतो. पंधराव्या वर्षी हाती धरलेली सुई अजून सुटली नाही.

तुला वाटेल, हा इनास लोपीस सतरा वर्षांनी कुठून उगवला? तुझी खबर पापडीच्या इरीननं दिली. ती इथे एका कंपनीत टायपिंग करते, नाताळाला घरी गेली होती. म्हणाली, चंद्रहास मास्तर ओटीवर मुलांना फुकट व्याकरण शिकवतात, चुकलं की अजून कान पिळतात. ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी दर दोन वर्षांनी सुट्टीवर येतो बरं का. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येतो, आणि तिथे मासे घेतो, आणि परत फिरतो.

आता मुद्दा. चंद्रहास, आम्ही ‘मुकाटपूरचा राजा’ करतोय.

हो, तुझंच. वही माझ्या ट्रंकेत होती. कपड्यांच्या तळाशी कधी गेली आणि माझ्याबरोबर कधी इथे आली, देव जाणे. परवा काढली. तुझी जांभळी शाई अजून ठसठशीत आहे.

कसं ठरलं ते सांगतो. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत जे झालं ते तू जवळून पाहिलंस, आम्ही फोनवरून. माझ्याच इमारतीत महमूद राहतो, श्रीवर्धनचा. रुस्ताकच्या बाजारात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सांभाळतो, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. त्याचा थोरला भाऊ जहूर मुंबईत बेकरी चालवायचा. बेकरी राहिली नाही. जहूर जिवंत आहे, गावी पोचला आहे, पण फोनवर बोलत नाही. महमूद म्हणतो, भाईचा नुसता श्वास ऐकू येतो, मी इथून हॅलो हॅलो करतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणतो, पण हसण्याची नाही. आम्ही सगळे वसईचे, रायगडचे, रत्नागिरीचे इथे एका पातेल्यातलं जेवलेले लोक. जानेवारीपासून एकत्र जेवायला बसलो की मीठ कमी, पाणी दे, यल्ला चला, एवढंच. ज्याचं त्याला कळतं, कोणी विषय काढत नाही. एका शुक्रवारी जेवताना मला एकदम तुझी वही आठवली. सबंध गाव गप्प बसलेलं. मी घास खाली ठेवला आणि बोलून गेलो की आपण नाटक करायचं. सुरैयानं, म्हणजे महमूदच्या बायकोनं, विचारलं, कुठलं? मी म्हटलं, हेच, आत्ता चाललंय ते.

तू तेव्हा एक शब्द फार वापरायचास, फॅसिझम. मला तो यायचा नाही, मी ‘फासिझम’ म्हणायचो, आणि तू म्हणायचास, राहू दे इनास, फास म्हटलास तरी अर्थ पोचतो. इथे मंडळींना मी तसाच सांगितला. पोचला.

तालीम शुक्रवारी. आमची मिस्सा आणि त्यांची नमाज आटोपली की महमूदच्या बैठकीच्या खोलीत. राजा आमच्या हॉटेलातला बेकर वॉरन, पोट आधीच राजाचं आहे. शिपायांना दरवानांचे जुने पितळी बटणांचे कोट. राजाच्या झग्याला मी मेजवानीच्या हॉलचा काढून टाकलेला मखमली पडदा कापला. तू पाहिलास तर मिठी मारशील, निदान झग्याला.

शेवटचा गावकरी महमूद करतोय. तो, ज्याला सगळं गाव गप्प असताना एकच वाक्य आहे: माझा शेजारी कुठे आहे?

तुझी परवानगी हवी. लेखकाला न विचारता नाटक करणारा मी नाही. त्या दिवशी मंडपात जे झालं त्याचा राग धरू नकोस. विंगेतला दिवा मिणमिणता होता, पान दिसलं नाही. आता सतरा वर्षं झाली.

लवकर कळव.

तुझा
इनास

अल् खुवैर
शुक्रवार, ५ मार्च १९९३

प्रिय चंद्रहास,

तुझं उत्तर नाही. टपाल इथे घरी येत नाही, हॉटेलच्या पेटीत येतं. तिथला माणूस मला लांबूनच हात हलवून ‘नाही’ सांगतो. म्हणून माझ्या मनानंच धरलं की तू नाही म्हणाला नाहीस.

पण आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणानं. 

आज तालमीत एक चूक झाली. अशी चूक, की तुझ्यासारख्या माणसाला सबंध जन्मात सुचली नसती. रागावू नकोस, पुरतं ऐक.

दवंडीवाला कोण करणार हा प्रश्न होता. आवाज पाहिजे खणखणीत. महमूदची लेक रुबिना, तेरा वर्षांची, तिच्या आवाजानं खालच्या मजल्यावरचे लोक वर येतात. तिलाच घेतलं. हातात हलव्याचा रिकामा पत्र्याचा डबा आणि चमचा. पण मराठी अडखळत. शाळेत हिंदी आहे म्हणून अक्षरं येतात, घरी कोकणी-उर्दूची खिचडी, मैत्रिणींत इंग्रजी. मराठी तिला लांबच्या मावशीसारखी, ओळखते पण बोलायला लाजते.

तिचं वाक्य तुला पाठ आहेच. ‘ऐका हो ऐका! राजेसाहेबांचा हुकूम आहे. आजपासून सर्व रयतेने गप्प बसावे.’

पोरीनं डबा बडवला, छाती भरून घेतली, आणि म्हणाली: ‘आजपासून सर्व रयतेने गप्पा बसावे.’

चंद्रहास, एक काना.

मी वहीतून मान वर केली. सांगणार होतो की बाळ, गप्प. तेवढ्यात सुरैया आणि तिच्या दोन मैत्रिणी, ज्या गावकरणी झाल्यात, हुकूमच आहे म्हणून तिथल्या तिथे फतकल मारून गप्पा मारायला बसल्या. एक म्हणते भाव काय चाललाय, दुसरी म्हणते तुझ्या सासूचं काय झालं. शिपाई झालेली दोघं कोटात अवघडून उभी. पकडायचं कोणाला? हुकूमच तसा आहे. वॉरन राजा आपल्या मखमलीत उभा राहून मला विचारतो, अंकल, मी आता काय करायचं? आणि महमूद हसला. जानेवारीपासून ज्याच्या तोंडून खलास आणि इन्शाल्लाच्या पलीकडे शब्द नव्हता, तो पोट धरून हसला, आणि मग तसाच, हसता हसता, जहूरबद्दल बोलायला लागला. बेकरीची भट्टी कशी होती. ईदला किती माणसं रांगेत असायची. सगळे बोलायला लागले. दीड तास तालीमच झाली नाही, आणि इतकी चांगली तालीम माझ्या आयुष्यात झालेली नाही.

मी रुबिनाला विचारलं, असं का म्हणालीस? ती म्हणाली, ‘अंकल, गप्पा मला माहीत आहे, मम्मी रोज करते. गप्प काय असतं?’

बघ तू. तेरा वर्षांच्या मुलीला तो शब्दच ठाऊक नाही.

तेव्हा माझी मागणी अशी. शेवटच्या प्रवेशात दवंडी दुसऱ्यांदा होते, तिथे आपण ही चूक ठेवूया. राजाचाच हुकूम, राजाचाच माणूस, फक्त एक काना जास्त. गाव बोलायला लागेल, आणि त्या बोलण्यातून महमूदचं वाक्य येईल. ‘गप्पा बसावे’ हे व्याकरणात बसत नाही, मला ठाऊक आहे. नाटकात बसतं.

तू पहिल्या पानावर लिहून ठेवलंयस: ‘संहितेतील काना, मात्रा, वेलांटी कोणीही हलवू नये.’ खाली दोन रेघा मारल्यायस. म्हणून विचारतो. मला एक काना दे.

प्रयोग ठरला. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणानंतरचा शुक्रवार, १६ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजता, इथल्या आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये. मंडळाचा सेक्रेटरी ऑलविन भित्रा नाही पण जपून चालणारा माणूस. त्यानं गोषवारा लेखी मागितला, मुंबईचं नाव नको, राजकारण नको म्हणाला. इरीननं इंग्रजीत टाइप करून दिलं की एक राजा आपल्या प्रजेला शांत बसायला शिकवतो. ऑलविन खूश. म्हणाला, शिस्तीवर आहे, छान, मुलांना उपयोगी.

यंदा त्यांचे रोजे आणि आमचे उपवासाचे चाळीस दिवस एकाच आठवड्यात सुरू झाले. सबंध नाटक मंडळी उपाशीपोटी ओरडतेय.

वहिनींना, मुलांना आठवण सांग. आईंना नमस्कार, आणि उत्तर, चंद्रहास, उत्तर.

इनास

अल् खुवैर
शुक्रवार, २६ मार्च १९९३

प्रिय चंद्रहास,

काल ईद झाली. सुरैयानं शीरखुर्मा एवढा पाठवला की मी आणि इरीन दोन वेळा जेवलो. आमचा उपवास होता, पण शेजारधर्म मोठा.

आज झगे, बटणं काही नाही. आज एक सांगायचं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला सुई ओवता येत नाही.

आजच्या तालमीत महमूद आपल्या वाक्याशी आला आणि थांबला. विसरला नव्हता. मी वहीतून हळूच वाक्य दिलं, तरी बोलेना. मग वही माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली आणि म्हणाला, ‘इनासभाय, हे वाक्य मला जमणार नाय. माझा शेजारी कुठे आहे ते मला ठाऊक हाय. गावावरून कळलं, भाईची बेकरी जळत होती तवा तो समोरच्या खिडकीत उभा होता. बघत होता. वाईट माणूस नव्हता, दर शनिवारी भाईकडून पाव न्यायचा. नुस्ता उभा ऱ्हायला.’

मी त्या माणसाला ओळखतो, चंद्रहास. तूही ओळखतोस.

पहिल्या पत्रात मी दिव्याचं लिहिलं ते खोटं. दिवा चांगला होता, मीच संध्याकाळी वात कापून काच पुसली होती. पान दिसत होतं. बोट त्या ओळीवर होतं.

आणीबाणीचं साल. बाजारातला मंडप. तिसऱ्या रांगेत ते दोघे, साधे कपडे, पण बूट चकचकीत. वसईच्या त्या धुळीत कोणाचे बूट चकचकीत असतात? तू शेवटचा गावकरी होतास. सगळं गाव गप्प झालं, तू पुढे आलास, आणि तुझा घसा बसला. तू माझ्याकडे पाहिलंस. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा भुवई उचललीस, जसं तालमीत उचलायचास, की दे रे. आणि मी ते बूट बघत होतो. मला माझी शिलाईची खोली दिसत होती, घरची माणसं दिसत होती. मी ओठ मिटले. मग कोणीतरी पडदा पाडला.

मला पकडलं नसतं, तुलाही नसतं कदाचित. ते दोघे उठून पान खायला गेले. पण दुसऱ्या दिवसापासून गावानं तुला गप्पमास्तर म्हणायला सुरुवात केली. शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलं. तू एकदाही, एकाही माणसाला सांगितलं नाहीस की विंगेत इनास होता, त्याच्या हातात वही होती. मी वाट बघत होतो तू सांगशील म्हणून. सांगितलं असतंस तर मला सोपं झालं असतं.

आणि वही चुकून ट्रंकेत गेली नाही. मी घातली. वही गावात राहिली असती तर तू परत प्रयोग लावला असतास, आणि मला परत विंगेत उभं राहावं लागलं असतं. मी व्हिसा मिळवला आणि निघालो. तुझं नाटक माझ्या सदऱ्यांखाली सतरा वर्षं झोपून राहिलं. त्यानंतर तू काही लिहिलं नाहीस, असं इरीन सांगते.

महमूदला मी हे सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर, रुबिनासुद्धा होती. त्यानं ऐकून घेतलं, वही उचलून परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘मग तर वाक्य मला बोलायलाच पायजे. पण तुम्ही विंगेतच ऱ्हायचं. पळायचं नाय.’

माफी मागत नाही. ती मागितली की तुला द्यावी लागते, आणि तुझ्यावर अजून एक काम कशाला टाकू? पण तो काना मात्र मागतो. तो माझ्यासाठी नाही. तुझ्या परवानगीशिवाय मी तो घालणार नाही. तुझ्या वहीचं मी एवढंच राखू शकतो.

प्रयोगाला एकवीस दिवस आहेत. पत्र यायला दहा-बारा लागतात. जमलं तर बघ.

इनास

अल् खुवैर
९ एप्रिल १९९३, गुड फ्रायडे

प्रिय चंद्रहास,

तुझं पत्र आलं.

काल दुपारी टपालाच्या माणसानं लांबूनच दोन्ही हात वर केले. निळं एरोग्राम. पत्ता तुझ्या हातचा. ‘लोपीस’ मधला ‘ल’ तू अजून पायमोडका काढतोस. मी युनिफॉर्मच्या खोलीत जाऊन दार लावलं, कात्रीनं तीन कडा सरळ कापल्या, उघडलं.

आत एक उभी रेघ.

दुसरं काही नाही. नाव नाही, तारीख नाही. पानाच्या बरोब्बर मध्ये जांभळ्या शाईची एक उभी रेघ.

मी उडालोच. काना! दिला, चंद्रहासनं काना दिला! मी तसाच लिफ्टची वाट न बघता जिन्यानं बेकरीत गेलो आणि वॉरनला पिठाच्या हातांसकट मिठी मारली. इरीनला तिच्या कंपनीत फोन केला. ती काम टाकून ओरडली.

संध्याकाळी वही उघडली, म्हटलं तुझा काना शेवटच्या प्रवेशाला चिकटवून ठेवू. शेवटचं पान उलटलं. आणि तिथे, शेवटच्या ओळीनंतर, तशीच एक उभी रेघ. तू प्रत्येक नाटकाच्या शेवटी जुन्या पोथीसारखा दंड द्यायचास. म्हणजे संपलं, पुढे काही नाही.

दोन्ही रेघा शेजारी ठेवल्या. तीच उंची, तोच हात.

आता सांग, मी काय समजू? काना आहे की दंड? परवानगी दिलीस, की आपलं सगळं इथे संपलं म्हणालास? तू व्याकरणाचा मास्तर, तुला ठाऊक असणार की एकटी रेघ दोन्ही असते. मुद्दाम केलंस? कान पिळतोयस ना?

इरीन म्हणते काना. महमूद म्हणतो, ज्याला संपवायचं असतं तो तिकिटाला पैसे घालत नाही. ऑलविनला गंधवार्ता नाही. त्यानं आज चर्चच्या अंगणात मला गाठून सांगितलं की प्रयोगाला बाहेरचे दोघे पाहुणे येणार आहेत, तिसऱ्या रांगेत बसवतोय, जरा जपून करा.

तिसऱ्या रांगेत.

मी रुबिनाला सांगितलं आहे की दोन्ही वेळा ‘गप्प’ म्हणायचं, वहीत आहे तसंच. तिला आता तो शब्द आला. तेव्हापासून घोकतेय, गप्प, गप्प, गप्प, जिना चढता-उतरता. शंका असेल तर लेखकाच्या बाजूनं जावं, असं मी मंडळींना सांगितलं. त्यांना पटलं. तुला खरं सांगू? अर्धं लेखकासाठी होतं. अर्धं त्या तिसऱ्या रांगेसाठी.

हे पत्र तुला प्रयोगानंतर मिळेल. तरी लिहितो. कोणाला तरी सांगायला पाहिजे ना.

इनास

अल् खुवैर
शनिवार, १७ एप्रिल १९९३

प्रिय, प्रिय चंद्रहास,

काल तुझं नाटक झालं. मला झोप नाही, भूक नाही, सकाळपासून तीन कोटांना बटणं उलटी लावली.

हॉल भरून भिंतीला माणसं. निझव्याहून दोन गाड्या भरून आल्या. इथे गाडीशिवाय कोणी हलत नाही, बाहेर उभ्या करायला जागा उरली नाही. ते दोन पाहुणे आले, तिसऱ्या रांगेत बसले. मी विंगेतून आधी चेहरे बघितले नाहीत, पाय बघितले. बूट चकचकीत. मी स्टुलावर बसूनच वही धरली.

पहिला अंक कसा झाला विचारू नकोस, लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. मग राजाची दवंडी, मग शिपाई माणसं उचलायला लागतात तो भाग. तिथे हसू हळूहळू आटत गेलं, आणि एका क्षणी सबंध हॉल आमच्या जेवणाच्या खोलीसारखा झाला. मीठ कमी, पाणी दे.

शेवटचा प्रवेश. रुबिना आली. डबा बडवला. आणि स्वच्छ, सुंदर, तुला अभिमान वाटेल असं मराठी बोलली: ‘आजपासून सर्व रयतेने गप्प बसावे.’

सगळे गप्प बसले. रंगमंचावरचे आणि समोरचे. महमूद पुढे आला. तोंड उघडलं. वाक्य येईना.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. वही मांडीवर, बोट ओळीवर. महमूदनं दुसऱ्यांदा पाहिलं आणि, चंद्रहास, भुवई उचलली. त्याला मी हे कधी शिकवलं नव्हतं.

मी उठलो. प्रॉम्प्टरनं कुजबुजायचं असतं, एवढं मला कळतं. माझ्या तोंडून जे निघालं ते शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

‘रुबिना, काना!’

पोरगी वळली, डबा परत उचलला, धडाधड बडवला, आणि आपल्या मनानं म्हणाली: ‘ऐका हो ऐका! हुकमात चूक झाली. एक काना राहिला. सर्व रयतेने गप्पा बसावे!’

हॉल फुटला. सुरैया आणि तिच्या मैत्रिणी फतकल मारून बसल्या आणि बोलायला लागल्या, आणि खाली लोकसुद्धा. हुकूमच झाला ना. खुर्च्या वळवून एकमेकांशी. तुमचे भाऊ कसे आहेत, घर राहिलं का, आईला कुठे नेलं. तीन महिने ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनी विचारलं. शिपाई हसू दाबत उभे. वॉरन राजा ओरडतोय, कोणी बघत नाही. ऑलविन दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता, पण त्याच्या शेजारची बाई त्याला काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत होता.

त्या सगळ्या गलक्यात महमूद बोलला. मोठ्यानं नाही. ‘माझा शेजारी कुठे आहे?’

आणि गलका आपोआप थांबला. कोणाच्या हुकमानं नाही.

तुझ्या वहीत तिथे दंड आहे. पडदा. ओढणारा दोरीला हात घालून उभा होता. मी त्याला थांब म्हटलं आणि विंगेतून बाहेर आलो. चष्मा नाकावर, वही हातात, गळ्यात इंचपट्टी, ती काढायची राहिलीच होती. उजेडात आलो आणि म्हणालो:

‘मी इथे आहे. विंगेत होतो. बघत होतो.’

महमूद माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं थोडं बाजूला सरून मला शेजारी उभं राहायला जागा केली. एवढंच. मग पडदा.

टाळ्या आल्या, पण आधी दुसरंच झालं. पडदा पडतोय तोवर तिसऱ्या रांगेतला एक पाहुणा उठून उभा राहिला. मला वाटलं, आता आलं. तो म्हणाला, त्याच्या मजल्यावरच एक दर्जी राहायचे, मुंबईला, त्यांचं दार डिसेंबरपासून बंद आहे, त्यानं अजून कोणाला विचारलेलं नाही. एवढं बोलून बसला. नंतर कळलं, दोघे रुवीच्या बँकेत आहेत. बूट चकचकीत, कारण बँकवाल्यांचे असतातच.

आज सकाळी महमूद जिन्यात भेटला. पहाटे गावी फोन लावला होता. जहूरला सबंध नाटक सांगितलं, रुबिनाची चूक सांगितली. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. आणि मग जहूर म्हणाला, गप्प आणि गप्पा, व्वा. चार शब्द, चंद्रहास. पण बोलला.

आता माझा गुन्हा कबूल. मी तुझ्या परवानगीची खात्री नसताना काना घातला, आणि वर तुझ्या दंडानंतर दोन वाक्यं माझी बोललो. संहितेत हात घातला. काय शिक्षा करायची ती कर. वही मी आजच पोस्टात टाकतोय, नोंदणी करून. मखमलीचा उरलेला तुकडा होता, त्यात शिवली आहे. ती तुझी आहे, आधीच द्यायला हवी होती. शेवटच्या पानावर तुझ्या दंडाखाली मी पेन्सिलीनं माझी दोन वाक्यं लिहिली आहेत. नको असतील तर खोड, पेन्सिलच आहे.

मे महिन्यात सुट्टी मिळतेय. या वेळी मासे घेऊन परत फिरणार नाही, पण तुझ्या होकाराशिवाय उंबऱ्यावर पायही ठेवणार नाही. आईंचं तू अजून काहीच कळवलं नाहीस. वहिनींच्या दम्याचंही. तुझ्या घशाचंही.

तेवढं उत्तर लवकर धाड. लांबलचक नको. मागच्यासारखी एक रेघ काढलीस तरी माझं भागेल, फक्त या वेळी तिच्या आधी, तिला चिकटून, एखादं अक्षर असू दे.

तुझा
इनास